अपराधांची नोंद व नगराची निर्भयता : डॉर्चेस्टरवरील एका ग्रंथाचें परीक्षण

जुन्या कागदांचा संग्रह करणारास एक मोह नेहमीं पडतो. जो कागद हातीं लागला तोच त्या काळचा साक्षी, आणि त्यांत जें लिहिलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें तो नकळत धरून चालतो. अपराधांच्या नोंदवह्यांच्या बाबतींत हा मोह सर्वांत घातक होय. कारण ‘चोरांचें गांव’ किंवा ‘सज्जनांचें गांव’ हें नांव अशा वह्यांवरूनच पडतें, आणि एकदां पडलेलें नांव पिढ्यान् पिढ्या पुसलें जात नाहीं. या दृष्टीनें डेव्हिड अंडरडाउन या इतिहासकारांचा ‘फायर फ्रॉम हेवन’ हा १९९२ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ फार मननीय आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील डॉर्सेट परगण्याचें मुख्य ठाणें जें डॉर्चेस्टर, त्या बाजारपेठेच्या नगराचा सतराव्या शतकांतील इतिहास त्यांत सांगितला आहे. ग्रंथाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे, आणि ती यथार्थही आहे. आम्हांस येथें त्यांतील कथेपेक्षां त्यांतील प्रमाणांचा विचार करावयाचा आहे. कारण एकाद्या नगरांत माणूस निर्भय आहे कीं नाहीं हें कागदावरून कसें ठरवावें, हा या ग्रंथांतून उभा राहणारा प्रश्न आजही त्या देशांतील प्रत्येक लहान नगरास विचारला जात आहे.

प्रथम कथा थोडक्यांत सांगतों. १६१३ सालच्या ऑगस्टच्या ६ व्या तारखेस, गांवकरी कापणीसाठीं शेतांत गेले असतां, डॉर्चेस्टरला आग लागली. सुमारें १७० घरें जळालीं. होली ट्रिनिटी व ऑल सेंट्स हीं दोन मंदिरें भस्म झालीं. जॉन व्हाइट नांवाचा प्यूरिटन पंथाचा धर्मोपदेशक त्यापूर्वीं कांहीं वर्षें तेथें येऊन राहिला होता. हा अग्नि म्हणजे ईश्वरानें दिलेली ताकीद होय, असें त्यानें व त्याच्या अनुयायांनीं नगरवासीयांच्या मनावर बिंबविलें. पुढील पंचवीस-तीस वर्षांत या मंडळीच्या हातीं नगराचा कारभार आला. गरिबांच्या मुलांस काम व शिक्षण देणारें आश्रयस्थान निघालें. १६२२ सालीं नगराच्या मालकीची मद्य गाळण्याची भट्टी निघाली व तिचा नफा धर्मादायाकडे लावण्यांत आला. एका हातानें दारुड्यांस दंड करावा आणि दुसऱ्या हातानें मद्य विकून अनाथांस पोसावें, हा विरोधाभास ग्रंथकारांच्या नजरेंतून सुटलेला नाहीं. मात्र त्याचा उपहास न करतां त्यांनीं तो समजून घेतला आहे, हा त्यांच्या सहृदयतेचा पुरावा होय. पुढें यादवी युद्ध झालें, १६४३ सालीं नगर राजपक्षाच्या हातीं पडलें, १६४८ सालीं व्हाइट मरण पावला, आणि १६६० सालीं राजसत्ता परत आल्यावर हा सारा प्रयोग मावळला. कांहीं काळ तरी हें नगर खरोखरच सुधारलें होतें, असा ग्रंथकारांचा एकंदर अभिप्राय आहे.

आतां साधनांकडे वळूं. या ग्रंथाचा एक मोठा आधार म्हणजे १६२९ ते १६३७ या वर्षांतील नगराची अपराध्यांची वही. न्यायाधिकाऱ्यांपुढें आणलेल्या माणसांचीं नांवें, त्यांचे अपराध, साक्षीदारांचे जबाब व दिलेल्या शिक्षा यांची ती नोंद आहे. कोणी शपथा वाहिल्या, कोणी मद्य पिऊन रस्त्यावर पडला, कोणी रविवारीं मंदिरांत न जातां खेळत राहिला, कोणी शिपायास शिवीगाळ केली, कोणी किरकोळ चोरी केली, असे तिच्यांतील विषय आहेत. संग्राहकांस असा कागद मिळाला असतां आनंद होईल यांत संशय नाहीं. परंतु ही वही नगराच्या दुर्वर्तनाचें माप आहे, कीं नगराधिकाऱ्यांच्या जागरूकतेचें? १६२९ हें वहीचें पहिलें साल, आणि त्याच सालीं राजाकडून नगरास नवी सनद मिळाली. सनद व वही यांचा जन्म एकाच वर्षींचा. तेव्हां १६२८ पेक्षां १६३० सालीं डॉर्चेस्टरांत अपराध जास्त झाले असें कोणी म्हणेल, तर तो दिवा लावल्यावर खोलींत वस्तु उत्पन्न झाल्या असें म्हणणाऱ्यासारखाच होय.

दुसरी गोष्ट अपराधाच्या लक्षणाची. दारू पिऊन झिंगणें हा अपराध पांच शिलिंग दंडास पात्र ठरला तो १६०६ सालच्या कायद्यानें; शपथ वाहण्यास एक शिलिंग दंड लागू झाला तो १६२४ सालच्या कायद्यानें. म्हणजे ज्या कृत्यांनीं या वहीचीं पानें भरलीं, त्यांतील कित्येक कृत्यें आदल्या पिढींत अशा दंडाचा विषयच नव्हतीं. कृत्य तेंच, मनुष्य तोच. मात्र त्यास नांव नवें मिळालें. लक्षण बदललें कीं लक्ष्याची गणना बदलते, हें शास्त्र शिकलेल्यास सांगावयास नको. भिन्न काळांच्या दोन वह्या शेजारीं ठेवून त्यांतील ओळी मोजणारानें, त्या दोन काळीं ‘अपराध’ या शब्दाचा अर्थ एकच होता कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

न्यायशास्त्राचा पहिला पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें कीं, धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें, परंतु अग्नीवरून धुराचें करतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघावयास ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि त्यालाच शास्त्रकार उपाधि म्हणतात. नोंद हा धूर व अपराध हा अग्नि समजा. नोंद आहे त्या अर्थीं कांहींतरी घडलें असावें, एवढें अनुमान बहुधा चालेल. परंतु नोंद नाहीं म्हणून कांहीं घडलें नाहीं, हें मुळींच चालणार नाहीं. कारण येथें उपाधि एक नसून चार आहेत. त्या कृत्यास अपराध म्हणणारा कायदा पाहिजे. तें पाहून किंवा सोसून तक्रार करणारा मनुष्य पाहिजे. ती ऐकून घेणारा अधिकारी पाहिजे. आणि ती लिहिणारा कारकून व ते लेखन टिकविणारें दप्तर पाहिजे. यांपैकीं एक जरी नसेल, तरी अग्नि धगधगत असतां आकाश निरभ्र दिसेल. उलट पक्षीं, या चारही गोष्टी डॉर्चेस्टरांत व्हाइटच्या काळीं होत्या तशा बळकट असतील, तर लहानशा ठिणगीचाही धूर चार कोसांवरून दिसेल. शिक्षकास हें अनुभवानें माहीत असतें : ज्या वर्गाची शिक्षेची वही कोरी, तो वर्ग शांतच असतो असें नाहीं, कित्येक वेळां त्या वर्गाचा शिक्षक झोंपाळू असतो.

ग्रंथकारांस हें कळत नव्हतें असें आमचें म्हणणें नाहीं. केवळ वहींतील ओळींची बेरीज करून त्यांनीं नगराची सुधारणा सिद्ध केलेली नाहीं. त्यांनीं दुसऱ्या स्वतंत्र प्रमाणाचा आश्रय केला, आणि हें त्यांच्या ग्रंथाचें खरें वैशिष्ट्य होय. मंदिरांतील विवाहांच्या व बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासून अनौरस जन्मांचें प्रमाण त्या काळांत घटलें व पुढें पुनः वाढलें असें त्यांनीं दाखविलें आहे. मंदिराचा लेखक अपराध मोजण्यासाठीं लिहीत नव्हता. म्हणून त्याची साक्ष अधिक निःपक्षपाती, हा त्यांचा विचार स्थूलमानानें योग्य आहे. तथापि येथेंही एक शंका राहते. अनौरस मुलाचा पोषणभार त्या त्या मंदिराच्या हद्दींतील करदात्यांवर पडत असे. म्हणून निराधार गर्भवतीस प्रसूतीपूर्वींच हद्दीबाहेर घालविण्याची वाईट चाल इंग्लंडांत अनेक ठिकाणीं होती. ज्या नगराचे अधिकारी अधिक कडक, तेथें असें घडण्याचा संभवही अधिक. मग डॉर्चेस्टरच्या वहींतून नाहींसें झालेलें मूल शेजारच्या खेड्याच्या वहींत तर सांपडणार नाहीं ना? हें घडलेंच असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु भोंवतालच्या खेड्यांच्या नोंदी शेजारीं ठेवून ही शंका फेडल्यावांचून अनुमान निर्दोष होत नाहीं.

या वहीचें खरें मोल, आमच्या मतें, संख्येंत नसून शब्दांत आहे. अधिकाऱ्यास शिवी दिली हा अपराध सिद्ध करावयाचा, म्हणजे ती शिवी जशीच्या तशी लिहून ठेवणें भाग पडलें. त्यामुळें ज्यांस स्वतः लिहितां येत नव्हतें, ज्यांचें कोणतेंही पत्र कोणत्याही दप्तरांत उरलें नाहीं, अशा मोलकरी, विणकर, उनाड पोरें यांची बोली त्यांच्याच शत्रूंच्या लेखणींतून आपणांपर्यंत पोंचली. धर्माधिकाऱ्यांचा डौल त्यांना कसा वाटे, सणाचे खेळ बंद झाल्यानें त्यांना काय दुःख झालें, हें या शिव्यांतून कळतें. ग्रंथकारांनीं हे आवाज फार आपुलकीनें ऐकविले आहेत. सुधारणा करणारांची कळकळ खरी आणि सुधारले जाणारांची चीडही खरी, अशी दोन्ही बाजूंस न्याय देणारी त्यांची वृत्ति आहे. ज्या रात्रीं गस्तवाला फिरे, ती रात्र व्यापाऱ्यास निर्भय वाटे आणि चाकर पोरास भयाची वाटे. ‘नगर सुरक्षित होतें’ या वाक्यांत ‘कोणास?’ हा शब्द घालावयास हा ग्रंथ शिकवितो.

गस्तीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यानें प्रत्येक सनदी नगरानें उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्रीं बारा माणसांचा पहारा ठेवावा, तटबंदीच्या नगरांनीं सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत वेशी लावून घ्याव्या, आणि बाजारपेठेच्या एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या दुतर्फा दोनदोनशें फूट झाडी तोडावी, अशी आज्ञा केली होती. त्या कायद्याचा आरंभच मुळीं, दरोडे, खून व जाळपोळ हीं पूर्वींपेक्षां वाढलीं आहेत, या तक्रारीनें होतो. सातशें वर्षांपूर्वींही अपराध ‘पूर्वींपेक्षां’ वाढलेलेच होते! प्रत्येक पिढीस आपला काळ घसरलेला वाटतो; म्हणून अशी तक्रार कागदांत आढळली, तर ती भयाची नोंद समजावी, अपराधांची समजूं नये.

याच नगराच्या पुढील इतिहासांतून दोन उदाहरणें घेतलीं म्हणजे अपराधांची संख्या कशी फसविते हें स्पष्ट होईल. १६८५ सालच्या सप्टेंबरांत मुख्य न्यायाधीश जेफ्रीझ याचें न्यायासन डॉर्चेस्टरांत बसलें. मनमथच्या बंडांत सामील झाल्याच्या आरोपावरून शेंकडों कैदी त्याच्यापुढें उभे केले गेले, आणि डॉर्सेट परगण्यांत सत्तरांहून अधिक माणसांस देहान्त शिक्षा झाली. पुढें १८३४ सालच्या मार्चांत, तेथून सात-आठ मैलांवरील टॉलपडल खेड्यांतील सहा शेतमजुरांवर याच नगरांत खटला झाला. मजुरीचा दर उतरूं नये म्हणून त्यांनीं संघ केला होता. पण त्यांस शिक्षा झाली ती गुप्त शपथ घेतल्याबद्दल, आणि तीही नौसैनिकांच्या बंडाच्या वेळीं १७९७ सालीं केलेल्या कायद्याखालीं. सातसात वर्षें हद्दपारी. मग देशभर ओरड होऊन १८३६ सालीं माफी. कोष्टक करणारा हीं दोन वर्षें ‘अपराधवृद्धीचीं’ म्हणून मांडील. परंतु त्या वर्षीं डॉर्चेस्टरच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या वाटसरूस अधिक भय होतें काय? वाढलें होतें तें राज्यकर्त्यांचें भय, आणि कोष्टकांत उतरलें तेंही तेंच.

मग मोजण्याजोगें कांहींच नाहीं काय? खून मोजावा, असें इंग्लंडांतील अपराधांच्या इतिहासकारांनीं उत्तर दिलें आहे. प्रेत लपत नाहीं, आणि खुनाचें लक्षणही फारसें बदलत नाहीं. १९८१ सालीं टेड गर यांनीं विखुरलेले आंकडे एकत्र करून, मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत इंग्लंडांतील खुनांचें प्रमाण फार मोठ्या अंशानें उतरलें असें दाखविलें. त्यावर लॉरेन्स स्टोन व जे. ए. शार्प यांचा वादही झाला. उताराची दिशा आज बहुमान्य आहे. परंतु ही पद्धति देशास लागू पडते. लहान नगरास लावतांना गणिताचा विसर पडूं नये. दोन हजार वस्तीच्या नगरांत वर्षांत एक खून झाला, तर लाखास पन्नास असें प्रमाण निघतें. दोन झाले तर शंभर. एकही न झाला तर शून्य. डॉर्चेस्टरची लोकसंख्या २०११ सालच्या शिरगणतींत सुमारें १९ हजार भरली. तेथें एका खुनानें लाखास पांच हें प्रमाण होतें. छेद लहान असला म्हणजे एका रात्रींतील एक भांडण नगरास राक्षसांची नगरी ठरवितें. अनेक वर्षें एकत्र घेतल्यावांचून अशा आंकड्यास अर्थ नाहीं.

हा जुन्या वह्यांचा दोष अर्वाचीन नोंदींत नाहींसा झाला असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती दूर केली पाहिजे. १८५६ सालच्या कायद्यानें प्रत्येक परगण्यास पोलिस ठेवणें सक्तीचें झालें, आणि १८५७ पासून पोलिसांस कळलेल्या अपराधांचे वार्षिक आंकडे मिळूं लागले. परंतु पोलिसांस न कळलेले किती, हें पाहण्यासाठीं घरोघर जाऊन लोकांसच विचारण्याची पाहणी १९८२ सालीं सुरू झाली, तेव्हां दिसून आलें कीं, लोक सोसतात त्यांपैकीं निम्म्याहून अधिक अपराध पोलिसांकडे जातच नाहींत. जे जातात त्यांची तरी नोंद होते काय? जानेवारी २०१४ मध्यें पोलिसांच्या आंकड्यांस असलेली ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ ही मान्यता काढून घेण्यांत आली. आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत पोलिसांच्या तपासणी-खात्यानें जाहीर केलें कीं, इंग्लंड व वेल्स मिळून पोलिसांकडे आलेल्या अपराधांपैकीं सुमारें १९ टक्के लिहिलेच जात नाहींत. हें प्रमाण अंगावर हात टाकण्याच्या अपराधांत ३३ टक्के व लैंगिक अपराधांत २६ टक्के होतें. जी स्त्री धैर्य करून ठाण्यापर्यंत गेली, तिच्या शब्दास वहींत ओळही मिळाली नाहीं, असा याचा अर्थ होतो. या कोरड्या टक्केवारीच्या मागें मनुष्यें आहेत, हें आंकड्यांच्या उपासकांनीं विसरूं नये.

यांतून एक विचित्र परिणाम निघतो, आणि आमच्या सर्व विवेचनाचें सारही त्यांतच आहे. तपासणीनंतर ज्या ठाण्यानें प्रामाणिकपणें सर्व तक्रारी लिहावयास आरंभ केला, त्याच्या हद्दींतील अपराध कागदावर वाढले. ज्यानें दुर्लक्ष चालूं ठेवलें तें ठाणें शांत दिसलें. तक्रार करणारास आपलें ऐकून घेतलें जाईल असा विश्वास वाटूं लागला, कीं नोंद वाढते. म्हणजे वाढलेली नोंद हें कित्येक वेळां वाढलेल्या भयाचें नव्हे, तर वाढलेल्या भरंवशाचें लिंग असतें. वाचक जर केवळ आंकडा पाहून पहिल्या नगरास नांवें ठेवील व दुसऱ्याची वाखाणणी करील, तर तो खरें बोलणारास शिक्षा व लपविणारास बक्षीस देईल.

बाजारपेठेच्या नगरास आणखी एक अन्याय होतो. त्याच्या पेठेंत भोंवतालच्या खेड्यांतील लोक खरेदीस, उपाहारगृहांत व पानगृहांत येतात. त्यांच्या हातून घडलेला किंवा त्यांच्यावर गुदरलेला अपराध अंशांत मोजला जातो, आणि छेदांत मात्र तेथें झोंपणारे रहिवासीच धरले जातात. २०११ सालीं गल्लीगल्लींतील अपराध नकाशावर दाखविण्याची सोय सरकारनें केली. पण पीडितांची ओळख राहूं नये म्हणून त्या नकाशांत अपराधाचें स्थळ नेमकें न देतां जवळच्या ठराविक बिंदूवर दाखविलें जातें. हेतु स्तुत्य, मात्र त्या बिंदूशेजारीं राहणारास विनाकारण दूषण येतें. टॉमस हार्डी यानें १८८६ सालच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरींत डॉर्चेस्टरासच कॅस्टरब्रिज हें नांव देऊन तेथील ‘मिक्सन लेन’ या बदनाम वस्तीचें वर्णन केलें आहे. साऱ्या नगराचें पाप एका गल्लीच्या माथीं मारून बाकीच्यांनीं निश्चिंत होणें, ही खोड नकाशाच्या फार पूर्वींची आहे.

तेव्हां या नोंदी टाकूनच द्याव्या काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. धूर पाहून डोळे मिटावे असें कोणताही नैयायिक सांगणार नाहीं. वही कोणी, कोणत्या अधिकारानें व कोणत्या सालापासून लिहिली. त्या वेळीं अपराध कशास म्हणत. तक्रार करण्यास कोण धजत असे व कोण नसे. छेदांत कोणाची गणना केली आहे. आणि त्या लेखकाशीं संबंध नसलेला दुसरा साक्षी मिळतो काय, इतके प्रश्न विचारून मगच संख्येस हात घालावा. यांपैकीं शेवटचा प्रश्न अंडरडाउन यांनीं उत्तम रीतीनें विचारला, म्हणून त्यांचा ग्रंथ आदर्श. त्याच प्रश्नाच्या उत्तराची पुरती छाननी झाली नाहीं, एवढीच आमची तक्रार.

आपल्या संग्राहकांसही या परीक्षणाचा उपयोग व्हावा. मराठेशाहीच्या हिशेबांत ‘गुन्हेगारी’ ही जमेची बाब आहे. तिचा अर्थ अपराधांबद्दल वसूल झालेला दंड. एकाद्या महालाची गुन्हेगारी एका वर्षीं दुप्पट झालेली आढळली, तर रयत बिघडली असें लिहिण्यापूर्वीं त्या वर्षीं कमाविसदार बदलला होता काय, हें पाहावें. आणि वहीचें पान कोरें आढळलें, तर त्या गांवांत रामराज्य होतें असें समजण्याची घाई करूं नये. तेथें कोणी दाद मागावयास गेलें होतें काय, आणि गेलें असल्यास दार उघडें होतें काय, हें आधीं शोधावें.